पार्किंगची हरकत

जानेवारी अर्धा सरला तरी नॉर्बीत बर्फ धरेना. मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला नाताळात गोठलेल्या तळ्यावर ट्रक चालवायची आम्हाला सवय, आणि यंदा त्याच तळ्यात बदकं पोहत होती. म्हातारी माणसं कॉफी पिताना एकमेकांना 'हवा बरी आहे' म्हणायची आणि म्हटल्यावर गप्प बसायची.

डेल्मर लोफग्रेन रोज उजाडायच्या आत शाळेमागच्या रिंकवर जाई. रिंक म्हणजे तरी काय, बर्फावर हॉकी खेळायला चारी बाजूंनी फळ्या ठोकलेलं मैदान आणि कडेला शेगडी असलेली पत्र्याची खोली. डेल्मरनं जन्मभर दुधाचा टँकर चालवला आणि तितकेच हिवाळे हे मैदान पाण्यानं शिंपून पोरांसाठी बर्फ धरवलं. पैसे कोणी दिले नाहीत, त्यानं मागितले नाहीत. पाइप खांद्यावर घ्यायचा, मागं मागं चालत पातळ थर सोडायचा, तो धरला की दुसरा. घाईनं एकदम ओतलं तर वर पापडी धरते आणि खाली पोकळ राहतं, मग खेळता खेळता पोराचा पाय आत जातो. काम संपलं की पाइप झटकून पाणी काढायचं आणि गुंडाळून शेगडीपाशी न्यायचा, नाहीतर तो काठीसारखा ताठ होऊन फुटतो. या कामात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं थंडीनं कायमची पांढरी पडली होती. त्यांना टाचणी टोचली तरी त्याला कळत नसे.

यंदा पाइप ताठ व्हायचं नाव घेत नव्हता. पाणी ताटात राहावं तसं वरच राहायचं. दक्षिणेच्या कोपऱ्यात तर चिखल दिसायला लागला होता.

त्याची बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. जाताना ती थर्मास घेऊन रिंकवर थांबली.

"किती वेळ उभा राहणारेस? तू डोळे वटारून ते गोठणार नाही."

"रात्री थंडी पडली होती गं. थोडी आणखी पडती तर धरलं असतं."

"काल पण हेच म्हणालास."

"काल पण पडली होती थोडी." डेल्मरनं बुटाच्या टाचेनं कोपऱ्यातला चिखल दाबला. "ब्रिन उठली का?"

"उठली. आज पुन्हा त्यांचा सराव मोठ्या गावाला आहे. येऊन-जाऊन संध्याकाळ गेली पोरीची."

ब्रिन त्यांची नात, मुलींच्या हॉकी संघाची गोलरक्षक. तिची आई फार्गो शहराकडं निघून गेली होती. बाप, म्हणजे यांचा मुलगा डॅरिन, यांच्याच आवारात मागच्या बाजूला ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात राहायचा. पोरगी मात्र आजीच्या घरात झोपायची. असं का, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी विचारत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी युवक क्लबची अध्यक्ष जोडी स्ट्रँड त्यांच्या दारात आली. हातात लिंबाच्या वड्यांचं ताट. आमच्याकडं कोणी ताट घेऊन आलं की समजावं, काहीतरी मागायला आलंय.

"आर्डिस, दोन मिनिटंच बसते," ती म्हणाली आणि कोट काढून नीट बसली. "क्लबनं ठरवलंय. रिंकवर छप्पर घालायचं आणि खालून थंड पाणी फिरवायच्या नळ्या टाकायच्या. मग हवेच्या तोंडाकडं बघायला नको."

डेल्मरचा कॉफीचा कप हातातच राहिला. "नळ्या? नॉर्बीत?"

"का नाही? अँटलर बारमधल्या चिठ्ठ्यांवर आतापर्यंत पोरांचे हेल्मेट, बसभाडं सगळं भागलं. आता दुसरी जागा हवी. लेफ्टी त्याच्या बारमध्ये चिठ्ठ्या विकायला खिडकी द्यायला तयार आहे. फक्त नगरपालिकेची मंजुरी. येत्या सोमवारी सभा आहे. डेल्मर, तू दोन शब्द बोललास की कोण नाही म्हणेल? आणि आर्डिस, खिडकीवर तूच. तुझ्याइतकं चोख कोण विकतं?"

या चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं. जाड कागदाची चिठ्ठी, पाठीला तीन झाकणं, नखानं सोलायची. आत चित्रं जुळली तर पैसे. बहुतेकदा जुळत नाहीत. नफा जातो पोरांच्या खेळाला, म्हणून सरकारची परवानगी आणि पाद्रीबाबाचाही आशीर्वाद. आमच्या बारमध्ये हरलेला माणूस फाटकी चिठ्ठी टोपलीत टाकतो, 'पोरांसाठी' म्हणतो आणि नवी घेतो. जुगाराला इतकं सोवळं नेसवलेलं मी तरी दुसरीकडं पाहिलं नाही.

आर्डिस पूर्वी अँटलरमधल्या खिडकीवर बसायची. तिथंच तिच्या डोळ्यांसमोर डॅरिन हरत गेला. त्याची बोट गेली, तळ्यावरची मासेमारीची खोपी गेली, मग बायको गेली. आपल्या हातानं मुलाला चिठ्ठ्या विकायला नकोत म्हणून आर्डिसनं ते काम सोडलं, तर तिच्या जागी आलेल्या बाईनं विकल्या. शेवटी पानगळीच्या दिवसांत ब्रिनचे नवे स्केट्स विकून तो अँटलरला गेला. पोरगी रडली नाही, तिनं फक्त खोलीला आतून कडी घातली. त्या दिवसापासून डॅरिननं अँटलरची पायरी चढली नाही. संध्याकाळी तो लेफ्टीकडं जायचा. एक बिअर घ्यायचा, पत्ते खेळायचा, घरी यायचा. गावात बसायला जागा दोनच, आणि चिठ्ठ्या नसलेली ही एकच.

"विचार करते," आर्डिस जोडीला म्हणाली.

"कर की. वडी घे ना," जोडी म्हणाली.

ती गेल्यावर आर्डिसनं ताट ओट्यावर ठेवलं ते आपटूनच.

"तू बोलणार सोमवारी?"

"पोरांसाठी आहे," डेल्मर म्हणाला.

"डॅरिन कोणाचा पोर आहे?"

"तो चाळिशीला आलाय, आर्डिस. त्याच्यासाठी सगळ्या गावातली दारं बंद ठेवायची का?"

"सगळी नाही. एकच. एकच दार उरलंय त्याला."

डेल्मरनं दोन पांढरी बोटं टेबलावर आपटली. लाकडावर लाकूड वाजावं तसा आवाज आला. "मला आता पाइप धरवत नाही. आणखी एक हिवाळा, फार तर दोन. माझ्यामागं कोण उभा राहणार तिथं? नळ्या आल्या तर बर्फ राहील. ब्रिनला खेळायला राहील. मी जन्मात कुणाकडं काही मागितलंय?"

त्यानं खरंच मागितलं नव्हतं. आर्डिसला रागही आला आणि दयाही आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ती उठली आणि भांडी घासायला लागली.

शनिवारी ती लेफ्टीकडं गेली. बार तळ्याच्या काठाला, बुटका, आत तळलेल्या माशाचा वास. लेफ्टीला डावा हात अर्धाच, तरी तो त्या थोट्या हातानं ग्लास दाबून धरून पुसायचा. कोपऱ्यात डॅरिन एकटाच पत्ते पिसत बसला होता. अंगात तेलकट जाकीट, दाढी केलेली. दाढी केलेली बघून आर्डिसला उगाच बरं वाटलं.

"बस आई. एक डाव टाकू?"

"तुला कळलं का इथं काय यायचंय?"

"लेफ्टीनं सांगितलं." त्यानं पत्ते वाटले. "त्याचं चुकलं नाही. बर्फ नाही म्हणून मासेमारीवाले आले नाहीत, धंदा बसलाय. खिडकीचं भाडं मिळेल बिचाऱ्याला."

"आणि तू?"

"मला काय होतंय? मी पाठ करून बसेन."

"अँटलरमध्ये बसायचास पाठ करून?"

डॅरिननं हातातले पत्ते नीट लावले, पुन्हा लावले. मग हळू आवाजात म्हणाला, "आई, चिठ्ठ्यांचा डबा खोलीत असला ना, की मला त्याचं ऐकू येतं. दुसरा कुणी सोलतो ते पण. इथं आल्यापासून मी पहिल्यांदा गप्प बसायला शिकलोय."

"मग मी सोमवारी उठून सांगते. हेच सांगते."

"नाही." त्यानं तिचं मनगट धरलं. "माझं नाव घ्यायचं नाही. गाव समोर असणार, संघातल्या पोरींच्या आया समोर असणार. दुसऱ्या दिवशी ब्रिननं शाळेत तोंड कुठं लपवायचं? स्केट्सचं अजून कुणाला माहीत नाही. माझी शपथ आहे."

"नाव न घेता काय सांगू?"

"सांग काहीतरी. तू सांगितलंस की ऐकतील." एवढं बोलून त्यानं डाव उघडला. तो जिंकला होता, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी अग्निशामक दलाच्या खोलीत सभा भरली. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. खोली भरली होती. संघाच्या मुली एकसारख्या जाकिटांत पुढच्या रांगेत बसल्या होत्या, त्यात ब्रिन. जोडीनं त्यांना मुद्दाम आणलं होतं. महापौर व्हर्लिन टोस्टाड खत-बियाणांचं दुकान चालवतो. भला माणूस, सगळ्यांचं ऐकतो आणि मग जोडीनं सांगितलेलं करतो.

डेल्मर टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याला बोलता येत नाही. तो म्हणाला, "मी पाणी घालतो. यंदा धरत नाही. पुढंही धरेल असं वाटत नाही." मग त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "नळ्या असल्या तर बरं होईल," असं म्हणून तो खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बायकांनी डोळे पुसले. जन्मभराच्या कामाचं एवढंच भाषण झालं, पण ते खरं होतं.

"विरोधात कोणाला काही म्हणायचंय?" व्हर्लिननं विचारलं आणि विचारता विचारताच ठराव मंजूर करायची हातोडी उचलली. कारण आमच्या गावात या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नाही.

आर्डिस उभी राहिली.

तिच्या कोटाची सगळी बटणं लावलेली होती. मागच्या भिंतीला डॅरिन टेकून उभा होता, तो बुटांकडं बघायला लागला. ब्रिन मान वळवून आजीकडं बघत होती. आर्डिसनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"लेफ्टीकडं," ती म्हणाली, "पार्किंगला जागा फार कमी आहे."

तिनं कोटाचं वरचं बटण चाचपलं.

"बर्फ पडलं की ढीग थेट दारापर्यंत येतो. माणसं घसरतील. मला वाटतं, ती जागा... ती जागा आहे तशीच राहू द्यावी."

आमच्याकडं अवघड गोष्ट अशीच सांगतात. छातीत कळ आली तर माणूस 'जरा आखडलंय' म्हणतो आणि ऐकणाऱ्यानं गाडी काढायची असते. आर्डिसनं तिच्या परीनं ओरडून सांगितलं होतं. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना ते ऐकू गेलं असणार, असं मला आजही वाटतं. पण ऐकू गेलं म्हणायचं तर डॅरिनकडं बघावं लागलं असतं. म्हणून सगळ्यांनी पार्किंगकडं बघितलं.

"मुद्दा बरोबर आहे," नगरपालिकेच्या सभासद कॅरल अ‍ॅन म्हणाल्या. "माझी बहीण तिथंच पडली होती."

"खडी टाकता येईल," दुसरा म्हणाला.

"खडीनं काय होतंय? रोज साफ करायला पाहिजे."

अँटलरच्या परवानगीला इतका वेळ लागला नव्हता. नगरपालिकेच्या पाचही सभासदांनी मनापासून चर्चा केली. जागा मोजायची का, दिवा लावायचा का, सगळं निघालं. आर्डिस उभीच होती, बस म्हणून तिला कोणी सांगेना.

शेवटी लेफ्टी मागून म्हणाला, "अहो, मी रोज साफ करून घेतो की! डॅरिनच्या ट्रकला पुढं बर्फ लोटायचं पातं आहे. त्यालाच लावतो कामाला. सकाळ-संध्याकाळ."

"झालं तर मग!" व्हर्लिन खूश झाला. "प्रस्तावात तशी अट घालू. आर्डिस, तुझे आभार. तू उठली नसतीस तर आमच्या लक्षातच आलं नसतं. आणि काम घरातच आलं म्हणायचं!"

लोक हसले, प्रेमानं हसले. कोणीतरी डॅरिनच्या पाठीवर थाप मारली. आपणच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, हे तिथं फक्त आर्डिसला कळत होतं. पाच हात वर गेले, मुलींनी आरडाओरडा केला, आणि जोडीनं वड्यांचं ताट फिरवलं.

ट्रकमध्ये बसल्यावर डेल्मरनं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"पार्किंग?" तो म्हणाला.

"तुला कळलं होतं मला काय म्हणायचंय ते."

"कळलं होतं."

"मग उठला का नाहीस?"

"तू तरी कुठं म्हणालीस?" डेल्मर म्हणाला आणि त्यानं गाडी सुरू केली.

दोन दिवसांनी आर्डिसनं जोडीला फोन करून खिडकीचं काम घेतलं. डेल्मरला नवल वाटलं.

"दुसरी कोणी बसली तर त्याला विकेल," ती म्हणाली. "मी बसले तर त्याला लाज वाटेल. माझ्यासमोर हात पुढं करायचा नाही तो. तेवढी लाज त्याच्यात आहे."

"आहे," डेल्मर म्हणाला. "असेल."

फेब्रुवारीत जणू मुद्दाम बर्फ पडायला लागलं. थंडी नाही, नुसतं ओलं, जड बर्फ. रिंकवर ते साचलं आणि खालचं होतं नव्हतं तेही नासलं. डेल्मर फावडं घेऊन जायचा, चार ढीग करायचा, धापा टाकत पत्र्याच्या खोलीत बसायचा. नळ्या यायला अजून काही वर्षं लागतील, असं जोडीनं आता सांगितलं होतं. लेफ्टीच्या पार्किंगला मात्र रोज काम निघत होतं.

शाळेतून सुटली की आर्डिस खिडकीवर बसायची. काचेचे डबे, त्यात चिठ्ठ्यांचा ढीग. मागं भिंतीवर मोठ्या बक्षिसांचे तक्ते, निघालं की त्यावर काट मारायची. येणारा आधी तक्ता बघतो, मोठी किती उरली ते वाचतो, मग खिसा चाचपतो. लेफ्टीकडं गर्दी वाढली. डॅरिन पातं उचलून ट्रक लावायचा, आत यायचा, लांबच्या टोकाला आईकडं पाठ करून कॉफी घ्यायचा आणि निघून जायचा. पहिल्या दिवशी असं झालं तेव्हा आर्डिसला इतकं हलकं वाटलं की घरी आल्यावर तिनं बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटल्या, लोणी-साखर लावून ब्रिनला आणि डॅरिनला वाढल्या. डॅरिन दारात उभ्या उभ्याच खाऊन गेला.

पुढच्या दिवसांत तिच्या लक्षात आलं की पार्किंग साफ झाल्यावरही ट्रक सुरूच असतो. काचेवरचा वायपर फिरत असतो आणि त्यामागून डॅरिन आत बघत असतो. एकदा तिनं हात हलवला. त्यानं हलवला नाही. तो तिच्याकडं नाही, तिच्या मागच्या तक्त्याकडं बघत होता.

घरी ती त्याला म्हणाली, "लेफ्टीला सांग, दुसरा माणूस बघ म्हणावं."

"आणि कारण काय सांगू?" डॅरिन म्हणाला. "पार्किंगला जागा कमी आहे म्हणून?"

तो हसला नाही. तीही हसली नाही.

एका गुरुवारी दुपारीच अंधारून आलं. बर्फ भरपूर पडलं होतं, डॅरिन बराच वेळ पातं पुढं-मागं करत होता. आत पाच-सात माणसं होती आणि सगळी निळ्या डब्याकडं बघत होती. डबा तळाला आला होता आणि तक्त्यावर दोन मोठ्या बक्षिसांवर काट नव्हती, म्हणजे ती उरलेल्या चिठ्ठ्यांतच होती. लेफ्टीनं थोट्या हातानं ग्लास पुसत पुसत ते सगळ्यांना दोनदा सांगितलं होतं.

दार उघडलं, गार वारा आत आला. डॅरिननं बूट आपटले. टोपीवरचं बर्फ झटकलं नाही. लेफ्टीनं त्याला सकाळ-संध्याकाळच्या कामाच्या नोटा दिल्या, त्या त्यानं न मोजता मुठीत धरल्या. कॉफी काढून ठेवलेली होती. तो कॉफीकडं गेला नाही. खिडकीसमोर दोन माणसं होती, त्यांच्यामागं तो रांगेत उभा राहिला. कुणी ओळखीचं नसावं तसा शहाण्यासारखा, हात पुढं घेऊन.

पहिला गेला. दुसरा गेला. डॅरिन पुढं आला. त्याच्या मागं अँटलरचं एक जुनं गिऱ्हाईक नोट चुरगळत उभं होतं.

आर्डिसनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. दाढी वाढली होती. ती हळूच म्हणाली, "घरी जा रे. ब्रिन वाट बघत असेल."

तिनं म्हटलेलं त्याला ऐकू गेलं, हे त्याच्या मानेवरून कळलं. तो तिच्याकडं बघेना. हातमोजा काढून त्यानं नोटा काचेखालून आत सरकवल्या. बोटांना पात्याच्या तेलाचा वास होता.

जन्मल्यापासून त्यानं तिला आईखेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

"आर्डिस," तो म्हणाला, जसं सगळी गिऱ्हाइकं म्हणतात तसं, "निळ्या डब्यातल्या दे."

मागचा माणूस सहज बोलला, "घे बाबा घे. पोरांसाठीच आहे."

तिची लाज तिथंच संपली, त्याची तर आधीच संपली होती. तिनं नोटा मोजून गल्ल्यात ठेवल्या. मग तिनं निळ्या डब्यात हात घातला, बोटांना लागतील त्या चिठ्ठ्या उचलल्या आणि काचेखालून बाहेर दिल्या. तो त्या घेऊन लांबच्या टोकाला गेला, कॉफी बाजूला सारली आणि नखानं पहिलं झाकण सोललं.

आर्डिसनं मागच्या माणसाकडं बघितलं.

"तुला किती?" तिनं विचारलं.